औषध-खिडकीशेजारच्या भिंतीवर तीन ओळी लिहू देण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला

विषय : तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाविषयी तीन ओळींची सूचना स्वखर्चाने रंगवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

अर्जदार पाट्या रंगवण्याचा व्यवसाय करतो. घरी मुलगा, सून व सहा महिन्यांची नात आहे.

१. लस टोचल्यावर नातीला ताप आला, तेव्हा आपल्या केंद्रातून पातळ औषधाची बाटली मिळाली होती. डॉक्टरांनी वजन करून अडीच मिली सांगितले व सुनेने तेवढेच दिले. पुढे ताप आला तेव्हा खिडकीवरून छोटी बाटली मिळाली. नाव तेच, रंग तोच. ते थेंबांचे औषध होते, चार-पाच पट तीव्र. खोक्यात ड्रॉपर नव्हता. सुनेने विचारले, “किती देऊ?” कंपाउंडर म्हणाले, “मागच्यासारखंच द्या.” मागे रांग होती. तिने जुन्या मापाने अडीच मिली, दर सहा तासांनी, असे दीड दिवस दिले.

२. दुसऱ्या दिवशी बाळ दूध घेईना, ओकू लागले, मान टाकून पडून राहिले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले आणि सुनेला विचारले, “हे किती वेळा दिलंत?” तिने बोटांवर मोजून सहा सांगितले. बाळाच्या यकृताला सूज होती. सात दिवसांनी बाळ घरी आले, हे आमचे नशीब.

३. अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले की तक्रारीसोबत खोक्यातला ड्रॉपर जोडावा. ड्रॉपर नव्हता, हीच तक्रार असल्याचे अर्जदाराने समक्ष सांगितले. “मग नसल्याचा पुरावा जोडा,” असे लिपिक म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

४. म्हणून दुसऱ्या अर्जात तक्रार सोडून अर्जदाराने फक्त भिंत मागितली. मजकूर डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतला आहे : ‘थेंबांचे औषध व पातळ औषध सारखे नसते. मात्रा बाळाच्या आजच्या वजनावरून डॉक्टरांना विचारा, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असल्यास आधी दाखवा. सोबतच्या मापानेच मोजा, घरच्या चमच्याने नाही.’ त्यावर कळले की भिंत बांधकाम खात्याची आहे. बांधकाम खाते म्हणाले, भिंत आमची, पण औषधाचा मजकूर आमचा नाही. केंद्रप्रमुख म्हणाले की असे लिहिल्यास इथे चुका होतात असा लोकांचा समज होईल.

५. शेवटी अर्जदार चार दिवस केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहिला व बाळ घेऊन येणाऱ्यांना तोंडी सांगू लागला. कडेवर बाळ असलेल्या एका मुलीने शांतपणे विचारले, “काका, तुम्ही डॉक्टर आहात का?” अर्जदाराने पाट्या रंगवतो असे सांगितले. तिने बाटली पिशवीत टाकली आणि ती निघून गेली. त्या बाळाचे काय झाले, ठाऊक नाही. पाचव्या दिवशी पहारेकऱ्याने, “साहेबांचा हुकूम आहे, माझा नाइलाज आहे,” असे सांगून अर्जदारास रस्त्यापलीकडे नेले.

६. परवा नातीला पुन्हा ताप आला. आता डॉक्टरीणबाईंनी मात्रा कागदावर लिहून दिली आहे, ड्रॉपरवर खूणही करून दिली आहे. सून ड्रॉपर भरी व परत बाटलीत ओती. मुलगा कामावर होता. ती म्हणाली, “बाबा, माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही द्या.” चाळीस वर्षे वितीएवढी अक्षरे आखणाऱ्या अर्जदारानेही ड्रॉपर त्या खुणेपर्यंत भरला व परत बाटलीत ओतला. शेवटी शेजारच्या शिक्षिकाबाईंना बोलावले. तिघांनी उजेडात धरून खूण पाहिली, कागद दोनदा वाचला, मग बाळाला औषध गेले. पाऊण तास बाळ तापाने रडत होते आणि औषध हातात होते.

सबब विनंती की भिंत न मिळाल्यास खिडकीच्या काचेवर वीतभर जागा द्यावी. तेही नियमात बसत नसल्यास, खिडकीवरून कोणी ‘किती देऊ’ असे विचारले तर कंपाउंडरांनी आधी बाळाचे वजन विचारावे, एवढा तोंडी आदेश तरी व्हावा. त्यासाठी कोणत्या खात्याकडे अर्ज करावा, हे अर्जदारास कळत नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
(पाट्या रंगवणारा)
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) दवाखान्याच्या कागदांची प्रत
२) रिकामे खोके, ड्रॉपरविना
३) सूचनेचा नमुना, हाताने रंगवलेला