नेरे रस्त्याकाठचे आठ गुंठे आणि एक उतरवलेला फलक

घडले ते असे.

१. दरवर्षी फेब्रुवारीत नेरे रस्त्यावर आमची, म्हणजे एलजीबीटी लोकांची, सप्तरंगी जत्रा भरते. मंडप माझ्या जागेत असतो. २०२५ साली मी नोकरी करते त्या हिंजवडीच्या कंपनीने प्रायोजकत्व घेतले. प्रस्ताव मीच नेला होता.

२. प्रवेशपासांसाठी एकेचाळीस स्वयंसेवकांचे फोटो, नाव व गाव मी कंपनीच्या बोधचिन्हासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवले.

३. कंपनीच्या जाहिरात विभागाने तो अख्खा फोल्डर नेऱ्यातील फ्लेक्सवाल्या किशोरकडे पाठवला.

४. किशोरने वाढदिवसाच्या फलकावर करतो तेच केले. वर बोधचिन्ह, खाली एकेचाळीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव-गाव, तळाशी ‘शुभेच्छुक’.

५. शनिवार, १ फेब्रुवारी, सकाळी सहाला फलक फाट्यावर लागला. दहा चाळीसला उतरला.

६. मधल्या वेळात आमच्यातल्या साहिलच्या वडिलांनी तो पाहिला. ते कंपनीची कॅब चालवतात. साहिलला त्यानंतर घरात घेतलेले नाही. मूळ चूक फोल्डरची, म्हणजे माझी.

मी, स्नेहल गेणबा पायगुडे, वय ३२, विद्युत अभियंता, राहणार मारुंजी, तालुका मुळशी, हे माझे पहिले मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. १५ जानेवारीला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते धोका शंभरात दोन. याहून कमी धोक्यासाठी मी फ्यूज बसवते. माझे मन स्थिर आहे, तसा वैद्यकीय दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव टाकू शकतील अशांना हे लिहिल्याचे अजून माहीत नाही.

पहिले कलम. नेरे रस्त्याकाठची वाटणीत आलेली माझी आठ गुंठे जमीन नम्रता ओव्हाळ हिला द्यावी. ती माझी जोडीदार आहे. सहा वर्षे आम्ही एकत्र राहतो. कायद्याच्या लेखी ती माझी कोणी नाही, म्हणून हा कागद. ही जमीन मला सहज मिळालेली नाही. वडील वारल्यावर थोरला भाऊ शंभू हक्कसोडपत्र घेऊन आला. म्हणाला, “समद्या बहिणी सह्या करत्यात.” मी म्हणाले, “म्हणूनच मी करणार नाही.” दोन वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. वाटणी मात्र मोजून, हद्दीचे दगड रोवून, सरळ केली. तेही नोंदवते.

दुसरे कलम. दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी या जागेवर जत्रा भरेल. जागेवर किंवा रस्त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव, चिन्ह वा कोणाचाही फोटो लागणार नाही. स्वयंसेवकांची यादी कोणालाही दिली जाणार नाही. कंपन्यांनी यायला माझी हरकत नाही. यंदाच्या जत्रेत कंपनीने दिलेला पाण्याचा टँकर वेळेवर आला, फिरती शौचालये स्वच्छ होती आणि रुग्णवाहिका खरोखर लागली. असे काही देतील तर घ्यावे. गावजत्रेत माइकवरून देणाऱ्याचे नाव एकदा पुकारतात, तसे एकदा पुकारावे. आमच्या विभागप्रमुखांनी मला विचारले होते, “लोगो दिसला नाही, तर आम्ही वर काय दाखवायचं?” मी सुचवले, “आपली माणसं रस्त्यावर चालताना दाखवा.” कंपनीतले किती जण चालायला येतील, याचा त्यांना अंदाज नव्हता.

तिसरे कलम. बँकेतील ठेव, विमा व मारुंजीची सदनिका नम्रताची. नामनिर्देशन आधीच तिचे आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, म्हणून येथे पुन्हा लिहिले. सदनिकेतली मागची खोली साहिलला हवी तितकी वर्षे राहील. हे नम्रताला विचारून लिहिले आहे. तिचे उत्तर: “तो भांडी घासतो. तू घासत नाहीस.”

चौथे कलम. वीज तपासायची माझी उपकरणे, म्हणजे क्लॅम्प मीटर व मेगर, आणि हत्यारांची पेटी जत्रेच्या मंडपासाठी. अर्थिंग तपासल्याशिवाय जनरेटर सुरू करू नये, मग प्रमुख पाहुणे कोणीही असोत. कंपनीने दिलेला सप्तरंगी मग विभागप्रमुखांना परत करावा. वापरलेला नाही. किशोरवर माझा राग नाही. मी जाब विचारला तेव्हा तो खरोखर गोंधळला होता: “ताई, बोर्ड म्हंजे फोटो आलेच की! नुसता लोगो बघाया कोन थांबतंय?” पुढचा फलकही त्याच्याकडूनच करावा. फक्त अक्षरे.

पाचवे कलम. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी शंभू गेणबा पायगुडे याला नेमू इच्छिते. कारण लिहिणे भाग आहे.

त्या सकाळी मी फाट्यावर उभी राहून फलक उतरवण्याची परवानगी कंपनीकडे मागत होते. दादा मोटारसायकलवरून आला. वाचून झाल्यावर म्हणाला, “दुसऱ्या लायनीत तू, शेजारी ती नम्रता. आख्ख्या गावाआदी मला सांगायचं व्हतंस. बोर्डावर वाचाया लावलंस.” मग वर चढला आणि कोयत्याने दोऱ्या कापल्या. कंपनीची परवानगी दुपारी तीनला आली. फलक त्याने घरी नेऊन कडब्यावर पांघरला, चेहरे खाली करून. आईने, म्हणजे गोजराबाईने, मला फोन करून सांगितले, “तुजं तोंड आत हाय, कडब्याकडं. पावसाचं भ्या न्हाई.”

तेव्हापासून दादा पुन्हा बोलत नाही. त्याचा राग रास्त आहे. त्याला आधी सांगायला हवे होते. पण तो पाठीशी असेल तर नम्रताला गावात कोणी अडवणार नाही. नसेल, तर सातबाऱ्यावर तिचे नाव चढण्यापासून अडवणूक सुरू होईल आणि जत्रेची जागा पहिल्याच वर्षी जाईल. २२ फेब्रुवारीची जत्रा ठरलेली आहे. मी असले वा नसले तरी ती व्हावी.

वरील मजकूर मी वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, दुरुस्तीपाशी सही केली.

स्नेहल गेणबा पायगुडे (सही)

आमच्या समोर तिने सही केली व आम्ही तिच्या समोर केली:
मृण्मयी केळकर, वकील (सही)
बहिरू वाघोले, शेजारी, निवृत्त वायरमन (सही)

मारुंजी, रविवार, २८ डिसेंबर २०२५

प्रत: शंभू गेणबा पायगुडे, नेरे

दादा, पाचवे कलम वाच. व्यवस्थापक होणार की नाही, एवढेच कळव. नाही म्हणालास तर दुसरी व्यवस्था करायला माझ्या हाती चार दिवस राहतील. आईकरवी निरोप नको, मला स्वतः फोन कर. शनिवार, १० जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे.