मुशीच्या कातड्याचा शोध

रत्नागिरी, ता. ११ डिसेंबर १९८६

ती. केरूभावजींना बाळाचा दंडवत (मुंबई लांब, म्हणून इथूनच वाकलोय). सगुणाताईचा खोकला बसला का? इकडे सर्व ठीक, एक मी सोडून.

तुम्ही आमच्या गाईडसाहेबांच्याच खात्यात टायपिस्ट, तेव्हा माझा विषय तुम्हीच टाइप केलाय: मुशीच्या (आपला तो छोटा शार्क मासा) कातड्यातलं कोलॅजन. म्हणजे कातडं धरून ठेवणारे बारीक तंतू. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत ते चाळीस हजार पट मोठे दिसतात, आणि प्रत्येकावर सारख्या अंतराने आडवे पट्टे. ते पट्टे मोजायचे, एवढ्यावर माझी पीएच.डी. तुम्ही निगेटिव्ह रजिस्टरने पाठवल्यात, मी त्या करीमभाईंच्या स्टुडिओत दिल्या. (इथेच माती खाल्ली.) करीमभाई लग्नाचे फोटो काढतात, नवरीच्या गालावरचा देवीचा वण त्यांच्या ब्रशापुढे टिकत नाही. वर मी शहाणा सांगून आलो, जरा स्वच्छ काढा हां, मोठ्या माणसांना दाखवायचेत!

फोटो आले, काय सुरेख! कंपासपेटीतली पट्टी घेऊन महिनाभर ओणवा राहून अकराशे तंतू तपासले. पट्टा एकावरही नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला आनंद झाला! जगभरच्या कोलॅजनला पट्टे, आणि आमच्या मिऱ्या बंदरावरच्या मुशीला नाहीत! साहेबांना लगेच सात पानी पत्र टाकलं आणि पेढे घेऊन करीमभाईंकडे गेलो. पेढा खाता खाता ते म्हणाले, "बाळाभाव, त्या दोऱ्यांवर ओरखडे किती हो! आठ दिवस बसून एकेक पुसलाय."

पुडा तिथेच ठेवून घरी आलो. करीमभाईंचा काय दोष? त्यांनी मन लावून काम केलं, मी निम्मं तरी डोकं लावायचं होतं. आठवडा झाला त्याला. बायको म्हणते, सरळ साहेबांना लिहा. लाज वाटते हो! देवरूखात आईने गावभर सांगून ठेवलंय, आमचा बाळा डॉक्टर होणार.

आपला मूर्ख मेव्हणा,
बाळा

ता.क. खात्याचं टपाल तुम्हीच फोडता. साहेब दौऱ्यावर होते, म्हणजे माझं पाकीट पडूनच असेल. ते त्यांच्या हाती लागू देऊ नका. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवतोय तोच पोस्टमन साहेबांचं उत्तर घेऊन आला. मेलो! साहेबांना माझं पत्र पोचलंय, बेहद्द खूश आहेत. सोमवारी दिल्लीच्या परिषदेत शोध वाचणार. नाव त्यांचं वर, माझं खाली. त्याआधी खरं काय ते त्यांना तुम्हीच सांगा. तुम्ही वडीलधारे आहात, आणि निगेटिव्ह डोळ्यांत तेल घालून तपासल्याबद्दल साहेबांनी निबंधात शेवटी तुमचेही आभार मानलेत.