मागची नंबरप्लेट

मृत्युपत्र लिहून ठेवणार: कॉस्मे पास्कू आल्मेडा, वय ६८, धंदा पेंटर (आता बंद), राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

कारणे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हात मात्र ठिकाणावर नाही. दोन वर्षांपासून उजव्या हाताला कंप आहे, त्यामुळे अक्षर हललेले दिसेल. ते पाहून म्हाताऱ्याकडून जबरदस्तीने लिहून घेतले असे कोणी म्हणू नये. वकील टाईप करून देत होते, मीच नको म्हटले. चाळीस वर्षे लोकांची नावे आणि नंबर हाताने लिहिले, शेवटचा कागद तेवढा मशीनवर कशाला? एका बैठकीत लिहून होत नाही. आज चौथा दिवस आहे आणि आता कंटाळा आला आहे. कुठे पाल्हाळ, कुठे तुटक वाटले तर चालवून घ्यावे.

कलम १. सन २०१४ साली मी एक मृत्युपत्र केले होते. माझा मुलगा जेरी याला काहीही मिळू नये आणि घर वाडीतल्या चॅपेलला जावे, असे त्यात लिहिले होते. ते रागाच्या भरात केले होते. ते रद्द करतो. चॅपेलच्या कमिटीने वाईट वाटून घेऊ नये. घर मिळणार होते हे त्यांना ठाऊकच नव्हते.

कलम २. माझी बायको मारियान २०१२ साली वारली. मला एकच मुलगा, जेरी. सून फेबी आणि नात रेजिना. तिघे म्हापशाला राहतात. रेजिना हे माझ्या आईचे नाव. आमचे बोलणे बंद असतानाही जेरीने मुलीला ते नाव ठेवले. फेबीचा नाताळाला फोन येतो तेव्हा तिने सांगितले. मागून जेरीचा आवाज ऐकू येतो, तो फोनवर येत नाही. बोलणे का बंद झाले ते कलम ६ मध्ये लिहितो. आधी किरकोळ वस्तू उरकून घेतो.

कलम ३. कपाटाच्या खालच्या कप्प्यात चौतीस वह्या आहेत, सन १९९२ पासून चालू सालापर्यंत. त्या इथल्या हायस्कूलला द्याव्यात. तिथल्या प्राजक्ता बाईंनी भूगोल शिकवायला मागितल्या होत्या. पण बाई या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून शाळेला देतो.

वह्यांत काय आहे ते सांगायला हवे, नाहीतर कोणीतरी रद्दीत घालील. गणेश चतुर्थीच्या आदल्या चार दिवसांत मुंबईचे चाकरमानी गाड्या घेऊन गावी येतात. माझे दुकान एसटी स्टँडसमोर. त्या दिवसांत रंगकाम कोणालाच नको असते. मी आणि समोरचा चहावाला परशुराम बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. त्याची नजर चांगली, तो नंबर ओरडायचा, मी लिहायचो. पूर्ण नंबर नाही, एमएचच्या पुढचे दोन आकडे तेवढे. गाडी कुठल्या आरटीओची ते त्यावरून कळते. आमचे ०७. हे सगळे निव्वळ वेळ घालवायला सुरू झाले.

पहिल्या वह्यांत गाड्या थोड्या आणि जवळजवळ सगळ्या ०१, ०२, ०३, म्हणजे मुंबई. मग ०४ वाढले, ठाणे. मग ०५, कल्याण. पुढे ४३ वाशी, ४६ पनवेल, ४८ वसई असे नवे नंबर आले आणि ०१ दिसेनासे झाले. माणसे तीच, गणपती तेच, बिऱ्हाड मात्र दरवेळी मुंबईच्या आणखी बाहेर. परशुरामाचा भाऊ, ज्याला सगळे भाई म्हणतात, तो प्रथम आला तेव्हा स्वतःची टॅक्सी घेऊन आला, नंबर ०१, राहायला परळ. परळची खोली विकून ठाण्याला गेला, ०४ चा टेम्पो घेतला. मग कल्याण, ०५. गेल्या वर्षी मुलाने पनवेलहून आणला, ४६.

परशुराम म्हणाला, "कॉस्मे, माझो भाव दर खेपेक गावाच्या जवळ येता हा रे."

मी म्हटले, "जवळ खंय? मुंबयवाले तेका भायर ढकलतत."

"ढकलूंदेत. ह्या हिशोबान अजून शंभर वर्सांनी घराक पोचतलो."

आम्ही खूप हसलो. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती वाढायच्या ऐवजी घटली तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले, आम्हाला नाही. विसर्जनानंतर गाड्या त्याच रस्त्याने परत जायच्या आणि स्टँडसमोर ०७ च्या चार रिक्षा उरायच्या. शेवटच्या पानावर मी गोव्याच्या गाड्यांसाठी वेगळा रकाना ठेवला होता. सरहद्दीवरच्या आरोंद्याकडची मुले तिकडे कामाला जायची आणि जीए नंबरच्या मोटरसायकली घेऊन यायची. तो रकाना भरत गेला. दुसऱ्यांची मुले गेली ती मी अशी आकड्यांत मांडली आणि बाकड्यावर बसून चहा प्यायलो. याची मला आता लाज वाटते.

कलम ४. वर सांगितलेले बाकडे परशुरामाला द्यावे. म्हणूनच त्याला साक्षीदार केलेले नाही. हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम मात्र त्याच्याकडेच देतो. २००७ च्या वहीत त्याने चौदाच्या जागी चार ओरडून माझी पाने खराब केली होती. ते त्याने कधी कबूल केले नाही, मी माफ केले आहे.

कलम ५. सर्व ब्रश, हात टेकवायची काठी आणि उरलेले डबे आनंदीला द्यावेत. ती माझ्याकडे दोन वर्षे शिकली आणि आता मालवणच्या बंदरात होड्यांवर नावे काढते. गाड्यांना कारखान्यात ठोकून काढलेल्या प्लेटी लागायला लागल्या आणि माझा धंदा बसला. होड्यांना अजून माणसाचा हात लागतो. माझ्या क्रूसावरची अक्षरे तिनेच काढावीत. नाव आणि दोन साले, बस. कॉम्प्युटरचे स्टिकर लावू नये. ते दोन पावसाळ्यांत सुटतात आणि मेलेला माणूस बिननावाचा होतो.

बँकेत जी काही शिल्लक असेल ती रेजिनाच्या शिक्षणाला.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, याची गरज नाही. मला आहे.

जेरीने २०११ साली जुनी व्हॅन घेऊन टुरिस्ट टॅक्सी सुरू केली. नंबर ०७ चा. प्लेट मीच रंगवली, पिवळ्यावर काळी. मारियान गेल्यावर वर्षभरात त्याने म्हापशाला फेबीच्या माहेराजवळ बिऱ्हाड करायचे ठरवले. तिथे बाहेरच्या नंबरच्या टॅक्सीला धंदा मिळेना, म्हणून त्याने व्हॅनची नोंदणी गोव्याला करून घेतली. जीए ०३ चा नवा नंबर मिळाला. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. आमच्यात बापाला पाय म्हणतात.

"पाय, नवो नंबर तूच काढ. दुसऱ्याच्या हातचो माका नको."

नोव्हेंबर २०१३ ची गोष्ट. मी त्याच्या जुन्या प्लेटी गाडीवरून उतरवल्या. पुढची बरोबर रंगवली. मागच्या प्लेटवर एमएच ०७ चा जुनाच नंबर पुन्हा ताजा करून काढला, ती गाडीला लावली आणि रंग ओला आहे, हात लावू नको, असे सांगून वर वर्तमानपत्र झाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तारकर्लीहून दोन पाहुणे घेऊन दाभोळी विमानतळावर जायचे होते. गोव्याच्या एका हॉटेलाने दिलेले ते पहिलेच काम. तो गाडीत बसल्यावर मी मागे जाऊन कागद काढून घेतला आणि त्याला जा म्हटले.

सरहद्दीच्या नाक्यावर पोलिसांनी अडवले. पुढून गोवा, मागून सिंधुदुर्ग. चोरीची गाडी समजून ठेवून घेतली. पाहुण्यांचे विमान चुकले. हॉटेलाने काम काढून घेतले. व्हॅन सुटायला नऊ दिवस लागले. टॅक्सी स्टँडवर त्याला 'दोन तोंडांचो' असे नाव पडले, ते अजून चालू आहे म्हणतात.

नाक्यावरून त्याने फोन केला. "पाय, मागची प्लेट मुद्दाम तशी काढलंस?"

"नाय रे. हाताक सवय जुन्या नंबराची. हात चुकलो."

"तुझो हात आजपावत कधी चुकलो?"

मी फोन ठेवला. नऊ दिवसांनी तो आला, ती प्लेट दुकानाच्या पायरीवर टाकली आणि चहासुद्धा न घेता गेला. तेव्हापासून बारा वर्षे मी सगळ्यांना हेच सांगत आलो की हात चुकला. पाद्रीसमोर पापांची कबुली दिली तेव्हाही हेच सांगितले. उलट मुलगा बापाला खोटा ठरवतो म्हणून चिडून कलम १ मध्ये सांगितलेला तो कागद केला.

हात चुकला नव्हता. मी मुद्दाम केले.

का केले ते लिहितो, पटले नाही तरी. पुढची प्लेट गोव्याला दिसणार होती, मागची मला. तो निघून जाताना मी अंगणात उभा राहणार आणि मला गाडीची मागची बाजूच दिसणार. तिथे जीए बघायचे नव्हते. शिवाय वाटले, म्हापशाला पोचल्यावर त्याच्या लक्षात येईल, दोन शिव्या घालील आणि बदलून घ्यायला परत येईल. तेवढीच एक खेप वाढेल. मारियान गेल्यापासून घरात कोणी बोलायला नव्हते. नाक्याचा विचार केला नाही. आकडा इकडचा तिकडे झाला तर केवढ्याला पडेल हे गिऱ्हाइकांना सांगणारा मी, आणि पोटच्या पोराच्या वेळी ते विसरलो. जेरी, तू खरे बोललास आणि मी खोटे. मला माफ कर.

कलम ७. राहते घर, विहीर, बारा नारळ आणि मागची काजूची जागा, सातबारा सोबत जोडला आहे, हे सर्व जेरीला.

आधी यात एक अट घातली होती की त्याने घराला कुलूप लावू नये आणि आपली गाडी पुन्हा ०७ वर आणावी. परशुरामाला वाचून दाखवली.

तो म्हणाला, "मेल्यार पण तेची प्लेट तूच रंगवतलंस काय रे?"

ते पान मी फाडले. आता अट नाही. राहायचे तर राहावे, विकायचे तर विकावे, वर्षातून एकदा यायचे तर एकदा यावे. कुलूप लावलेच तर त्याला तेल घालीत जावे, आपल्याकडच्या हवेने गंजते.

कलम ८. माझ्या खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नंबरप्लेट आहे. जेरीने पायरीवर टाकली तीच. गेल्या महिन्यात तिचा जुना रंग घासून काढला, पिवळा दिला आणि त्यावर जीए ०३ चा त्याचा नंबर काढला. एरवी अर्ध्या तासाचे काम, अकरा दिवस लागले. आकडे हलले आहेत, तीनचे पोट बिघडले आहे. नंबर बरोबर आहे, तेव्हा उतरून घेतलेल्या कागदाशी तीनदा ताडून पाहिला. ती व्हॅन त्याने कधीच विकली, आणि हाताने रंगवलेली प्लेट आता कुठल्याच गाडीला चालत नाही. तरी ती जेरीची आहे. त्याने माझ्याकडे मागितली होती आणि मी दिली नव्हती.

हे कलम ऐकून परशुराम म्हणाला, "तू मेल्यार तेणां भांडाचा कोणाकडे? क्रूसाकडे? जित्तो आसस तवसर जा आणि सांग."

मला फार थकवा आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते. तरी येत्या सोमवारी, १७ तारखेला, कुडाळहून गोव्याची एसटी धरून म्हापशाला जायचे ठरवले आहे. परशुराम बरोबर येतो म्हणतो. मी कुडाळवरूनच मागे फिरेन असा त्याला संशय आहे आणि तो खोटा नाही.

सबब असे ठरवतो की, माझ्या मागे खाट उचलून पाहावी. प्लेट तिथे नसेल, तर कलम ६ आणि ८ वाचू नयेत. ती जेरीने माझ्या तोंडून ऐकलेली असतील. प्लेट तिथेच सापडली, तर मला हिंमत झाली नाही असे समजावे, आणि ती दोन कलमे परशुरामाने जेरीसमोर मोठ्याने वाचावीत.

येणेप्रमाणे सात पाने माझ्या हलत्या हाताने लिहिली, वाचून पाहिली, खालील दोघांसमक्ष सही केली. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: कट्टा, तालुका मालवण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) कॉस्मे पास्कू आल्मेडा

साक्षीदार:
१. (सही) प्राजक्ता सावळाराम परब, शिक्षिका, कट्टा
२. (सही) मंगेश विठ्ठल गावडे, गॅरेज, कट्टा

सही केल्यावर भरलेली ओळ, साक्षीदारांसमक्ष: कलम ८ मध्ये खाटेखाली लिहिले आहे. प्लेट आता तिथे नाही. एसटीने न्यायच्या पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे.

(सही) कॉ. पा. आल्मेडा
(सही) प्रा. सा. परब
(सही) मं. वि. गावडे