सीमेवर लावलेला नंबर

प्रिय नत्थू,

वाडी मुक्कामी तुला आणि प्रेमिलावहिनींना शालिकरामचा कंबोडियातून रामराम. तुझा गुडघा काय म्हणतो? आपण दोघांनी मिळून पासपोर्ट काढले आणि ऐन वेळी तू "मले नाही जमत गा, पाय सुजून राहिला" म्हणून घरी बसलास, तोच गुडघा विचारतो आहे. माझी तब्येत उत्तम. (पाठीवरच्या पिशवीने खांदे दुखतात, पण नूपुरला कळवू नकोस. नातीला वाटतं, आजोबा कापसाचे आहेत.) ती मला पुढे लाओसला नेते की इथूनच घरी धाडते, एवढंच काय ते अधांतरी आहे. ते कशामुळे, ऐक.

आधी समुद्र. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर एका गावात राहिलो. तिथे होड्यासुद्धा टोपलीसारख्या गोल. चौथीत मास्तरांनी सागराची कविता पाठ करून घेतली तेव्हा वर्गात कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. लाट दाखवायला मास्तरांनी धोतराचा सोगा हलवला होता, आठवतं? तीच कविता मी समुद्राला तोंडावर म्हणून दाखवली. तिसऱ्या कडव्याशी अडलो. समुद्र बिचारा ताटकळला. एका मासळीवालीला वाटलं, माझं संपलं. तिने टाळ्या वाजवल्या.

ते कडवं डोक्यात घोळवतच बसने सीमेवर पोचलो. ऊन, बंदुका आणि ही लांब रांग! नूपुर शिक्क्याची चौकशी करायला पुढे गेली. मला कडेला एक झाड दिसलं. मग आपण सिलिंडरच्या रांगेत करतो तेच मी केलं. पिशवी रांगेत ठेवली, मागच्या गोऱ्याला मानेनेच लक्ष ठेवायला सांगितलं आणि सावलीत डोळे मिटून कडवं आठवत बसलो.

डोळे उघडतो तर रांगच गायब! लोक दूर पांगलेले, मध्ये माझी पिशवी एकटी, आणि तिच्यापुढे एक पोलिसी कुत्रा ठाण मांडून. मला आधी आनंदच झाला, नंबर पहिला लागला म्हणून. उचलायला निघालो तर सगळे शिपाई एकदम ओरडले. नूपुर धावत आली.

"आबाजी, बॅग काहून सोडली? हे काय सक्करदऱ्याचं गॅस गोडाऊन आहे का?"

मी शांतपणे म्हणालो, "सोडली नाही वं, नंबर लावला."

हे तिने साहेबाला इंग्रजीत कसं समजावलं, तिलाच ठाऊक. पिशवी उघडली. आत सूनबाईंनी, सरिताने, दिलेल्या तिखटाच्या पुऱ्या. कुत्र्याने एक खाल्ली आणि पाणी शोधत पळाला. साहेब हसला, शिक्का मारला. नूपुर मात्र हसली नाही. तिचा हुकूम असा: तुमच्यावर लक्ष ठेवणारं माणूस मिळालं तर लाओस, नाहीतर सरळ नागपूरचं विमान.

असो. सध्या नदीकाठी शहाळं पितो आहे. मजेत आहे.

तुझाच,
शालिकराम

ता.क. या पत्राचा फोटो नूपुरच वहिनींच्या फोनवर पाठवणार आहे. तिने वाचलं. वर 'शांतपणे' लिहिलं आहे ते खोटं आहे, असं कळवायला सांगते. माझे हात वर होते.

दुसरं ता.क. तिसरं कडवं तुला येतं. मास्तरांनी शिक्षा म्हणून तुझ्याकडून ते फळ्यावर लिहून घेतलं होतं. फोनवर सांगू नकोस, इथे येऊन म्हण. माणूस मिळालं, असं मी नूपुरला सांगून बसलो आहे. गुडघ्याचं मी बोललो नाही, तिने वर वाचलं तेवढंच.

शेवटचं ता.क. आमच्या खोलीत एकावर एक खाटा आहेत. वरच्या खाटेवर मी चढतो. खालच्यावर रुमाल टाकून ठेवला आहे.