भिंतीवरचं बेथशान

नदीच्या पुराचा दुसरा महिना, चौथा दिवस

देवळाची दक्षिण भिंत मला चितारायला मिळाली! राजानं जिंकलेल्या गावांची रांग काढायची – प्रत्येक गाव म्हणजे हात मागे बांधलेला एक कैदी, आणि त्याच्या पोटावर गावाचं नाव. मुकादम मेन्नांना विचारलं, नावं कुठली घालू? "राजाच्या पणजोबांच्या भिंतीवरून उतरव. जशीच्या तशी."

म्हणजे आमच्या राजानं एकही जिंकलेलं नाही! तरी घरी येऊन आईसमोर छाती फुगवली. तिनं शेजारणींना बोलावून बिअर पाजली.

सातवा दिवस

कासा आला! माझा धाकटा भाऊ, दूर कनानात बेथशान गावी आपल्या राजाचं ठाणं आहे, तिथं शिपाई होता. अनवाणी, दाढी वाढलेली – आईनं आधी ओळखलंच नाही. कांदा, भाकरी, सुकी मासळी, पुढ्यात येईल ते खात सुटला. मग म्हणाला, "दादा, ठाणं गेलं. जाळलं तिथल्या लोकांनी. मी निसटलो, बाकीचे अजून तिथं बांधलेले आहेत. फौजेच्या कचेरीत जाऊन सांगायला हवं."

कुणाशी बोलू नकोस, म्हटलं. बेथशान माझ्या रांगेत तिसरं आहे.

आठवा दिवस

झोप नाही.

अकरावा दिवस

कैद्याचे हात जमेनात. या गावात खरा कैदी येऊन जमाना झाला, मी बघणार कुठं! घरी खापरीवर गिरवत होतो. कासा मागे उभा.

"असं नसतं रे दादा. कोपरं एकमेकांना टेकवून आवळतात. छाती अशी पुढे येते."

करून दाखवलं. दंडांवर दोराचे काळे वळ. तुला कुणी बांधलं, म्हणून विचारलं – काय मूर्ख मी!

"तू ज्यांना काढतोयस, त्यांनीच," म्हणाला, आणि हसला. मग एकदम गंभीर. "दादा, एवढं एक नाव गाळ. भिंतीवर बेथशान आपलं असेल, तर ठाणं पडलंच नाही म्हणतील, मी पळपुटा ठरेन. माझं कोण ऐकणार? त्या पोरांना सोडवायला कोण जाणार?"

गाळतो म्हटलं. पण हात सुरेख उतरले होते, आणि मला आनंद झाला होता. लाज वाटते.

पंधरावा दिवस

मेन्नांना भीत भीत म्हटलं, बेथशान गाळू या का? ऐकतो, तिथं काहीतरी –

"कुणाकडून ऐकतोस?"

मी गेरूचं भांडं ढवळायला लागलो.

"भिंतीवर आहे म्हणजे आपलं आहे. तुला जमत नसेल तर दुसरे चितारी आहेत."

बस, एवढंच बोलले. ना धमकी, ना आरडाओरडा. आणि मी गेरूनं नाव लिहून दिलं! दुपारपर्यंत पाथरवटानं कोरलंसुद्धा.

घरी कासानं विचारलं, "गाळलंस ना?"

हो म्हटलं. त्याच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं. त्यानं माझे हात कपाळाला लावले. कुठं तोंड लपवू?

सतरावा दिवस

आज सांगणार होतो. तो आईला हसवत बसला होता. नाही सांगितलं.

एकोणिसावा दिवस

मी भिंतीवर असताना कासा कचेरीत गेला. आईला म्हणाला म्हणे, "दादानं वाट मोकळी केलीय, आता कसली भीती?"

दुपारी शिपायांनी त्याला पळपुटा ठरवून देवळावरून नेलं. कोपरं मागे, एकमेकांना टेकवलेली. छाती पुढे. भिंतीपाशी थांबला, तिसरं नाव वाचलं – वाचायला मीच शिकवलं होतं – आणि माझ्याकडे पाहिलं.

मेन्ना शेजारीच उभे होते. एकदा त्याच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहून म्हणाले, "हात मात्र हुबेहूब जमलेत हो तुला!"