पेट्यांवरचं शीड

दिवाळे, होळीच्या आधीचा गुरुवार, १९५७

आजही पांडू आला नाही. मासेमारीहून परतला की रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायचा आणि मी त्याला पेपर वाचून दाखवायचो. आता तो दुकानात जातो. तिथे निवडणुकीत पडलेल्या पक्षाचा पेपर मोठ्याने वाचतात.

त्यात आलंय, खाडीतून नेताना मतपेट्या बदलल्या, शाळामास्तर सामील होते. मी घेतो त्या, निवडून आलेल्या पक्षाच्या पेपरने उलट उत्तर दिलंय, काही झालंच असेल तर ते होडीवाल्यांनी केलं. मास्तर मी, होडीवाला पांडू. मतदानानंतर पेट्या नेल्या ती होडी एकच. सोबतचा पोलीस सारा वेळ पाण्यात ओकत होता. पाणी उडायला लागलं तेव्हा पांडूने आपलं जुनं शीड पेट्यांवर घातलं, लेकराला पांघरूण घालावं तसं. पलीकडे उतरलो तेव्हा लाखेची सीलं जशीच्या तशी होती. दोघांनीही पाहिली.

सकाळी बंदरावर त्याने हळूच विचारलं, "मास्तर, खरा सांगा, तुमचा डोला लागला व्हता का?"

मी चिडून निघून आलो. डोळा लागला नव्हता. पण घरी येऊन पेपर पुन्हा वाचला आणि मनात आलं, ते शीड त्याने पाण्यासाठीच घातलं ना?

महिन्यापूर्वी हे माझ्या मनाला शिवलं नसतं. त्याचं ते ओट्यावर मान हलवत ऐकणं फार आठवतंय.

उद्या भरतीच्या वेळी जाऊन त्याला म्हणेन, पांडू, मला पलीकडे सोड. पलीकडे माझं काहीच काम नाही.