दादाच्या मापाची सीट

आबा, आज नातवाची सायकल दुकानात नेली होती. दुकानदाराने पाना न लावता, नुसती एक कळ उघडून सीट खाली घेतली नि बसवून दिली. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले.

गोवा पोर्तुगीजांकडून सुटायच्या आधीची गोष्ट. तुमचा थोरला, माझा दादा, होडी घेऊन गेला तो परत आला नाही, आणि त्यानंतर तुम्ही होडीवर पाय ठेवला नाही. दादाच्याच सायकलवरून म्हावरं विकायला कट्टा गावाकडे जायचं ठरवलंत. मासळीची पाटी विकणं बायकांचं काम, असं किनाऱ्यावर म्हणणारे म्हणाले. तुम्ही लक्ष दिलं नाही. माझा राग वेगळाच होता. बाजारातल्या सायकलच्या मेस्त्रीकडे मी तुमच्याबरोबर होते. दादाने हौसेने घेतलेली हलकी चाकं त्याने गरगर फिरवून पाहिली. "ह्या चाकांर पाटी घेवन चढ चढशात तर दोन दिसांत आऊट होवन वाकडी होतली. मागचा तरी जाड तारांचा घेवा." तुम्ही फक्त "घाल" म्हणालात. जुनं चाक त्यालाच देऊन टाकलंत. मडगार्ड गेलं, लोखंडी कॅरियर आला, रुंद स्टँड आला, ओझ्याच्या हिशेबाने ब्रेक आवळून घेतलेत. दादाचं एकेक उतरताना तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दगडाचं काळीज, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

सीट तेवढी राहिली. दादा ताडमाड, तुम्ही बुटके. पायडलला पाय पुरेना, म्हणून एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलंडत तुम्ही ती सायकल हाकायचात. पोरं मागे ओरडत धावायची. आई रोज सकाळी दारातून म्हणायची, "ओ, ती सीट खाली घेवा मा. पडशात खंय तरी." आणि तुमचं ठरलेलं उत्तर, "नट जाम झालोहा. खाऱ्या पाण्यान खाल्ल्यान. फिरणा नाय." खोटं वाटायचं कारण नव्हतं. पाटीतलं पाणी गळून गळून साखळी, तारा, सगळंच तांबूस झालं होतं.

शेवटी पडलातच. कट्ट्याचा उतार, मागे भरलेली पाटी, पाय जमिनीला टेकत नाहीत. लाल मातीत बांगडे पसरलेत आणि त्यांच्यात तुम्ही, असं बघणाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं. कंबर गेली ती गेलीच. ओसरीवर खाटेवर पडून समोरच्या सायकलकडे बघत राहिलात आणि पावसाळा सरायच्या आत गेलात. मला दुःख झालं, पण त्याहून संताप जास्त होता. एका नटापायी माणूस घालवायचा?

दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, "मेस्त्रीक बोलव, नट कापूंदे. तू तरी शाळेत घेवन जा गो." बोलवायच्या आधी मी सहज पाना लावून बघितला. बाकीचे नट गंजून चिकटले होते. हा मात्र जरासा जोर देताच फिरला. बोटांना तेल लागलं. वास घेतला, तर खोबरेल, तुम्ही डोक्याला चोपडायचात तेच. तुम्ही त्याला तेल देत होतात, आबा. कितीदा सैल केलात आणि कितीदा पुन्हा तिथेच आवळलात, देव जाणे. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच नीट रडले.

मग सीट खाली घेतली. माझ्या मापाची झाली. पण बघवेना. नळीवर जुन्या उंचीची रेघ उमटली होती, तिथपर्यंत परत वर नेली आणि आवळली. तेवढ्यात आई दारात आली.

"फिरलो काय गो?"

"नाय आये. जाम आसा."

हे तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि तुम्हाला लिहिलेलं पाठवायचं कुठे? आई माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग जवळ आली, पदराने ती तेलकट बोटं पुसली आणि म्हणाली, "आसूंदे." शाळेला मी शेवटपर्यंत चालतच गेले.